चार बोटं वर

मी आयुष्यभर मुलींना उड्या मारायला शिकवलं. लग्नकार्यात कुणी ‘तुम्ही काय करत होता?’ असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघतात. गुडघे आता बोलतात, हे खरं आहे. पण एके काळी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात व्हॉलीबॉलच्या जाळीवर माझ्याइतका उंच हात नेणारी दुसरी बाई नव्हती. हे मी स्वतःच सांगते, कारण सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

संपादकांनी ‘व्यायामशिक्षिकेचे अनुभव’ मागितले आहेत. त्यांना बहुधा विद्यार्थिनींच्या यशाने भरून आलेला ऊर वगैरे हवा असावा. तसा ऊर माझाही पुष्कळदा भरून आला. पण ज्या अनुभवाने मला या धंद्यातलं खरं काही शिकवलं, त्यात ऊर भरून आला नव्हता, जळत होता. तेव्हा तोच सांगते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी वरवट बकालच्या शाळेत पी.टी.ची बाई म्हणून लागले. पी.टी.च्या बाईचं काम म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. प्रार्थनेच्या वेळी रांगा सरळ करायच्या, नखं तपासायची, सव्वीस जानेवारीचं लेझीम बसवायचं, आणि गणिताचे गुरुजी रजेवर असले की त्यांच्या वर्गात जाऊन पोरांना गप्प ठेवायचं. यातून वेळ उरला तर खेळ. आमचं मैदान म्हणजे शाळेमागची पडीक जमीन. जाळी एका बाजूला खांबाला आणि दुसऱ्या बाजूला कडुनिंबाला बांधलेली. कापसाच्या हंगामात गाड्या सरळ मैदानातूनच जात, तेव्हा खेळ थांबवून जाळी वर उचलून धरावी लागे. एकदा एका गाडीवानाने वरूनच विचारलं होतं, “बाई, हे जाळं कायचं? पाखरं धराले काय?”

बॉल चामड्याचा, दोरी ओवलेला. त्याची शिवण उसवली की चांभाराकडे जायचा आणि तिथून पखालीसारखा जड होऊन यायचा. मुली परकर खोचून खेळत. मी पातळाचा काष्टा घालून खेळे. गावातली माणसं पहिले काही महिने कुंपणाला टेकून बघत उभी राहिली, नंतर त्यांना कंटाळा आला.

उडी मोजायची आमची पद्धत सोपी होती. बोटं चुन्यात बुडवायची, भिंतीजवळ जागच्या जागी उडी मारायची आणि जितकं वर जाईल तितकं बोट टेकवायचं. शाळेच्या मागच्या भिंतीवर सगळ्यांच्या खुणा होत्या आणि सगळ्यांच्या वर माझी. पावसाने खुणा पुसल्या की मी नवीन करे, आणि माझी आधी करे. मला त्या भिंतीकडे बघायला फार आवडायचं.

त्यातच बातमी आली, की जिल्ह्याचा महिलांचा संघ पहिल्यांदाच निघणार आणि विभागाच्या सामन्यांना अमरावतीला जाणार. शिक्षिका, कॉलेजच्या मुली, शाळेच्या मोठ्या मुली, सगळ्यांना निवडीला यायची मोकळीक होती. माझं वय तेव्हा तिशीकडे झुकलेलं. लग्न झालेलं नव्हतं आणि होईल अशी आशा घरच्यांनीही सोडलेली होती. त्या संघात एकदा तरी खेळावं, एवढं एकच मला त्या वर्षी हवं होतं. पुढचं सगळं संघातल्या त्या एका जागेवरूनच घडलं.

उन्हाळ्यात आम्हा व्यायामशिक्षकांचं शिबिर झालं. तिथे एका तज्ज्ञ गृहस्थांनी एक नवीनच प्रकार शिकवला. नाव मोठं होतं, आयसोमेट्रिक. प्रकार मात्र इतका सोपा, की आम्ही सगळे तोंड दाबून हसलो. न हलणारी वस्तू घ्यायची आणि ती हलवायचा जीव तोडून प्रयत्न करायचा. भिंत ढकला, खांब उपटा, तुळई वर रेटा. वस्तू हलत नाही, तुम्हीही हलत नाही, पण आत स्नायू ताणाने थरथरतात. पाच-सात आकडे मोजेपर्यंत रेटायचं, सोडायचं, दम घ्यायचा, पुन्हा रेटायचं. उड्या न मारता उडी वाढते, असं त्यांचं म्हणणं.

अर्थात ते अर्धंच खरं होतं. गृहस्थांनी दोन गोष्टी हळूच शेवटी सांगितल्या, तेव्हा अर्धे लोक चहाला उठले होते. एक म्हणजे गुडघा ज्या कोनात वाकवून रेटाल, त्याच कोनात पाय बळकट होतो. तेव्हा उडी घेताना गुडघे जितके वाकतात, तितकेच वाकवून रेटायचं. उकिडवं बसून रेटलं तर उकिडवं बसण्यातच पटाईत व्हाल. दुसरी म्हणजे नुसत्या रेटण्याने पाय बळकट होतो, पण चपळ होत नाही. रेटून झालं की खऱ्या उड्या मारायच्या, म्हणजे ते बळ उडीत उतरतं. मी चहा पीत नसल्यामुळे बसून होते, म्हणून मला हे कळलं.

परत आल्यावर मी माझ्या भाड्याच्या खोलीत प्रयोग सुरू केला. दाराच्या चौकटीत उभं राहून वरच्या लाकडाला हात लावून रेटायचं, असा बेत. पण खोली नवीन बांधणीची, दार उंच. गुडघे वाकवले की हात पोचेना. मग पाट ठेवला, पाटावर पाट ठेवला. घरमालकीण कमळाबाई येऊन बघतात तो मी दोन पाटांवर अर्धी वाकून त्यांची चौकट वर रेटते आहे. “बाई,” त्या म्हणाल्या, “भाडं जास्त वाटते तं तोंडानं सांगा, घर काऊन पाडून राह्यल्या?” मग मी शाळेच्या सामानाच्या खोलीत एक आडवं लाकूड ठोकून घेतलं. ते पहिल्याच आठवड्यात हललं. न हलणारी वस्तू मिळणं वाटतं तितकं सोपं नसतं.

मुलींनाही शिकवलं. तुमच्या घरी चौकट आहे ना, मग रोज सकाळी करा, असं सांगितलं. एक सांगायचं मात्र राहिलं, की श्वास कोंडू नका. आमच्या मुली डोक्यावर भारा घेताना दात आवळून श्वास रोखतात. इथेही त्यांनी तेच केलं. शेवंता नावाची एक जाडजूड मुलगी होती. ती सकाळी न्हाऊन, केस मोकळे सोडून चौकटीत उभी राहिली, डोळे मिटले, दात आवळले आणि जीव खाऊन रेटू लागली. सगळं अंग थरथरायला लागलं, तोंड लालबुंद झालं. तिच्या चुलतीने ते पाहिलं आणि धावत जाऊन हळदकुंकू आणलं. पोरीच्या अंगात आलं! त्यातून मंगळवार. दुपारपर्यंत आळीतल्या दोन बायका नारळ घेऊन प्रश्न विचारायला हजर. मला कळलं तेव्हा मी घाबरून तिच्या घरी गेले. शेवंता पाटावर बसून शिरा खात होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, सांगू नोका कोनाले. भांडे घासा लागत नाई आता मले.”

मी सांगितलं नाही. पण ती खेळातून गेली ती गेलीच.

आता गोकर्णा. तिचे वडील श्रीपतभाऊ, भाजीपाल्याचे बागवान. विहिरीचं पाणी, मिरची, वांगी, कांदा. बाजारच्या दिवशी गाडी भरून माल न्यायचे. गोकर्णा अकरावीत होती. उंची बेताची, हाडापेराने काटक, बोलणं कमी. खेळ चांगला होता, उडी सामान्य होती. भिंतीवर तिची खूण माझ्यापेक्षा बरीच खाली होती, तेव्हा ती माझी फार लाडकी होती.

त्या वर्षी तिच्यासाठी स्थळं पाहायला लागले आणि श्रीपतभाऊंनी तिचं संध्याकाळचं खेळणं बंद केलं. शाळा सुटली की सरळ घर. घरी उडी मारायची सोय नाही, कारण अंगणात उडी मारणारी पोर कोणालाही दिसते. पण चौकटीत उभी असलेली पोर? ती तर प्रत्येक घरात उभीच असते. गोकर्णाचं घर जुन्या धाटणीचं, मातीचं, दार इतकं बुटकं की आत जाताना वाकावं लागे. दोन्ही तळहात वरच्या लाकडाला लावले की गुडघे बरोबर हवे तेवढेच वाकत. चौकट सागाची, भिंतीत गाडलेली. बैलजोडी लावली तरी हलली नसती. मला त्या पोरीच्या चौकटीचासुद्धा हेवा वाटला.

ती दिवसातून कितीदा तरी रेटायची. आईशी बोलताना, चूल पेटायची वाट बघताना, दारी आलेल्या पाहुण्याला ‘बा घरी नाई’ सांगताना. कुणाला काही कळत नसे. आणि उड्या? त्या मी तिच्याकडून मधल्या सुट्टीत मारून घेत असे, शाळेमागे. डबा खायच्या आधी, रोज. खाली वाक, थांबू नकोस, हात झटक, वर. मी स्वतः समोर उभी राहून तिचे गुडघे बघे आणि कोन चुकला की टोकत असे.

दिवाळीपर्यंत तिची खूण माझ्या खुणेजवळ आली. संक्रांतीला बरोबरीची झाली. एके दिवशी तिने उडी मारली आणि पांढरं बोट माझ्या खुणेच्या वर उमटलं. ती खाली आली, वर बघितलं आणि म्हणाली, “बाई, चुकून लागलं वाट्टे.”

“पुन्हा मार,” मी म्हणाले. पुन्हा मारली. त्याहून वर.

मी तिची पाठ थोपटली, ‘शाब्बास’ म्हटलं आणि सामानाच्या खोलीत जाऊन डंबेल्स मोजत बसले. ते कोणी नेलेले नव्हते. तो हेवाच होता, त्याला दुसरं नाव नव्हतं. मी रागावले होते तिच्या वयावर, तिच्या पोटऱ्यांवर, त्या बुटक्या दारावर. हा व्यायाम मी आणला, चहाला न उठता मी ऐकला, उभी राहून मी शिकवला, आणि फळ कोणाला? माझेही पाय मी रेटत होतेच. पण माझी उडी होती तिथेच थबकली होती. तीच माझी हद्द, हे मला त्या भिंतीने सांगितलं, आणि त्या पोरीने पुन्हा पुन्हा सांगितलं.

लोक म्हणतात, मग थोडं कमी शिकवायचं. मनात आलं नाही असं नाही. पण वीस मुली समोर उभ्या असल्या आणि एकीचा गुडघा चुकीचा वाकला, की माझं तोंड आपोआप उघडतं. ती खोड आहे. चुकीचा गुडघा मला बघवतच नाही, मग तो कोणाचाही असो.

निवड खामगावला झाली. गोकर्णा आणि मी एकाच एस.टी.ने गेलो, तिच्या वडिलांना ‘शाळेचं काम’ एवढंच सांगितलेलं. तिथे जिल्ह्यातून आलेल्या मुली, बायका. जाळीवर मारून पाहिलं, भिंतीवर उडी मोजली. गोकर्णाची खूण सगळ्यांच्या वर, माझ्याहून चार बोटं. निवड करणारे गृहस्थ चष्मा सरकवून भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, “ही कोणाची पोर?” संध्याकाळी नावं वाचली. शेवटचं नाव गोकर्णाचं. आणि राखीव म्हणून, म्हणजे कोणी आलं नाही किंवा पडलं-झडलं तर, माझं नाव.

येताना एस.टी.त ती खिडकीशी बसून रडली. मी म्हटलं, “आता काय झालं?”

“बा धाडनार नाई, बाई.”

हे ऐकून मला जे वाटलं ते मी इथे तसंच लिहिते. मला हलकं वाटलं. ती नाही गेली तर मी जाणार होते. मला काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. एस.टी. शेगावला थांबली तेव्हा मी तिला कचोरी घेऊन दिली आणि स्वतःही खाल्ली.

पण रविवारी मी श्रीपतभाऊंच्या घरी गेले. बाईने घरी जाऊन परवानगी मागायची ही रीतच होती, आणि रीत पाळून नकार घेऊन यावा, असा माझा हिशेब होता. श्रीपतभाऊ ओट्यावर कांद्याची निवड करत बसले होते. मला बसायला गोणपाट दिलं. गोकर्णा दारात येऊन उभी राहिली, खाली मान, दोन्ही हात वर चौकटीला. कुणालाही वाटावं, लाजून उभी आहे. मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगठे जमिनीत रुतले होते, परकराखाली पोटऱ्या थरथरत होत्या. पोरगी तिच्या आयुष्याचा निकाल लागत असताना रेटत होती.

श्रीपतभाऊ सरळ म्हणाले, “बाई, पोरगी तुमच्या इथं शिकाले धाडली. उड्या माराले नाई. उद्या पाय मुरगळला, लंगडाले लागली, तं कोन पत्करते तिले?”

“तुमचं म्हणणं बरोबर आहे,” मी म्हणाले. इतक्या लवकर कोणी बरोबर म्हटलेलं त्यांनाही नवं असावं. मग ते जास्तीचं एक वाक्य बोलून गेले.

“अन् तुमीबी मारल्याच ना उड्या? तुमचं काय झालं?”

आता हे त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण माझं डोकं फिरलं.

“माझं काय व्हायचं होतं, भाऊ? स्वतःच्या पगाराची भाकर खाते. आणि एक सांगते, या जिल्ह्यात माझ्याइतकी उंच उडी कुठल्या बाईची नव्हती. एकीचीबी नाही. ही तुमची पोरगी माझ्याहून उंच उडते.”

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. “तुमच्यापरस?”

“हाव. चार बोटं.”

“अन् हे नाई गेली तं तिच्या जागी कोन जाते?”

मला खोटं बोलता आलं असतं. “मी,” म्हणाले.

 श्रीपतभाऊ हसले. “बाई, मी बाजारात बसतो. तिथं कोनी दुसऱ्याच्या मालाले चांगलं म्हनत नाई. स्वतःचा सडका असला तरी त्यालेच चांगला म्हनते. तुमची जागा जाऊन राह्यली, अन् तुमीच सांगाले आल्या. म्हंजे खरंच असान.” आणि आत वळून बायकोला ओरडले, “चहा ठेव वं! अन् पोरीच्या संग बाईच जातीन, दुसऱ्या कोनावर माह्या भरोसा नाई.”

माझं तोंड कडू झालं होतं. चौकटीतले हात खाली आले. गोकर्णा धाडकन आत पळाली.

तर अमरावतीला मी गेले, पण बाकावर बसून. मांडीवर तिची शाल, हातात तिचा पाण्याचा तांब्या. तिची पहिली उडी अजून मला दिसते. बॉल वर गेला, ती पळत आली, गुडघे मी शिकवले तेवढेच वाकले, आणि ती वर गेली ती जरा थांबल्यासारखी वाटली. कोपर जाळीच्या वर. बॉल पलीकडे जमिनीवर असा आपटला की बाकावरच्या बायका उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. टाळ्या वाजवत होते आणि मनात म्हणत होते, पुढचा जाळीत जावो. पुढचाही पलीकडेच गेला. शेजारच्या संघाच्या बाई म्हणाल्या, “कोणी शिकवलं हो हिला?” मी ‘मी’ म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

आम्ही उपान्त्य सामन्यात हरलो. त्याच वैशाखात गोकर्णाचं लग्न झालं, खामगावजवळच्या खेड्यात, चांगलं बागायतीचं घर. मी आहेर घेऊन गेले. पुढच्या वर्षी संघाची निवड झाली, तेव्हा शेवटची जागा मला मिळाली. उडी माझी तीच होती. फक्त तिच्या वर आता कोणी नव्हतं.

त्या वर्षी सामने खामगावलाच होते. मी खेळले. मनासारखं खेळले म्हणता येणार नाही, पण दोन-तीन बॉल चांगले मारले, एकदा पडले, गुडघा सोलवटला. सामना संपल्यावर दोरीपलीकडे एक नऊवारीतली बाई डोक्यावरचा पदर सावरत उभी दिसली. शेजारी नवरा, त्याच्या हातात बाजाराची पिशवी. मी जवळ गेले तेव्हा ओळखलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या सोललेल्या गुडघ्याकडे बघत होती. ती नजर मला चांगली ठाऊक होती. शाळेमागच्या भिंतीकडे मी तशीच बघत असे.

“कशी आहेस?” मी विचारलं.

“बरी हाय.” मग नवऱ्याकडे एकदा बघून, पदर दातात धरून ती हसली आणि म्हणाली, “बाई, तुमी खेळून राह्यल्या व्हत्या ना, तं मले तुमच्यावर भल्ली जळन होऊन राह्यली व्हती.”

एवढं बोलून ती नवऱ्यामागून बाजाराकडे गेली.  हेच वाक्य मी तिला पूर्ण एक वर्ष म्हणू शकले नव्हते. ते तिला असं भर उन्हात, हसत, नवऱ्यासमोर म्हणता आलं, याचाही मला हेवा वाटला.